मार्लिन की विंचेस्टर

वॉसॉ, विस्कॉन्सिन
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आप्पांस,


परवा फोनवर मी "बंदूक घेतली" एवढंच म्हटलं आणि आई "अगं बाई, तिकडे एवढ्या चोऱ्या होतात?" असं म्हणून तुमच्याकडे न देता फोन ठेवून मोकळी झाली. चोऱ्या होत नाहीत. आमच्या गल्लीतले निम्मे लोक दार नुसतं लोटून बाजारात जातात. बंदूक शिकारीची आहे, जुनी आहे, आणि ती माझी आहे, तुमच्या जावयांची नाही. तिला एवढे तीन खुलासे वाचून दाखवा. बाकीचं तुमच्यासाठी.

मूळ कारण तुम्हाला तरी पटावं. तुमच्या आंब्यांना माकडं, तशी माझ्या भाजीला हरणं. बियाणं बॅगेत लपवून न आणता इथूनच मागवलेला लाल माठ हातभर झाला की रात्रीतून साफ. भेंडीची बोडकी खोडं तेवढी ठेवतात, बहुधा मला दुःख व्हावं म्हणून. तुम्ही निदान हवेत एक बार काढता आणि माकडं पुढच्या बागेत जातात. इथे अंगणात बार काढला तर पुढच्या बागेत मीच जाईन, पोलिसांच्या गाडीतून. पण शेजारच्या आजोबांची उत्तरेकडे चाळीस एकर रानजमीन आहे. इकडे तिला नुसतं 'फॉर्टी' म्हणतात. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. त्या नऊ दिवसांत प्लंबर मिळत नाही, मेकॅनिक मिळत नाही, आणि दाताचा डॉक्टर मिळालाच तर त्याचं लक्ष खिडकीबाहेर असतं. आजोबा म्हणाले, माठाचा एवढा राग आहे तर चल.

परवान्याआधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा. आजोबा त्याच्या कितीतरी आधीचे, ते सुटले. मी 76 ची, सापडले. वर्गात मिसरूड न फुटलेली पोरं आणि मी. पहिला नियम काय, तर बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. तो तुम्ही आम्हा भावंडांना पडवीत रांगेत उभं करून पाठ करून घेतला होता, म्हणून मी ऐटीत हात वर केला. पण माझ्या आधी एका बारा वर्षांच्या पोरीने चारही नियम धडाधड म्हणून टाकले. हरणाचा परवाना मात्र 24 डॉलरला, आणि तो काढायला कुणा साहेबाच्या केबिनबाहेर बसावं लागलं नाही. निवडणूक लागली की तुम्ही बंदूक फडक्यात गुंडाळून ठाण्यात जमा करायला निघता, हे मी आजोबांना सांगितलं. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

आता मुद्द्याचं. तळ्याकाठी एक दुकान आहे. तिथे मासे धरायचे गांडूळ, चीज आणि बंदुका एकाच काउंटरवर मिळतात. मागच्या भिंतीशी जुन्या बंदुकांची रांग. त्यातल्या दोन दुकानदाराने उतरवून ठेवल्या: विंचेस्टर 94 आणि मार्लिन 336. दोन्ही लिव्हरच्या. ट्रिगरभोवतीचं लोखंडी कडं खाली ढकलून वर ओढलं की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. दोन्हींना काडतूस तेच, थर्टी-थर्टी, 1895 पासून चालत आलेलं. काडतुसं नळीच्या खाली दुसऱ्या एका नळीत एकामागे एक झोपतात. टोकदार गोळी घातली तर मागचीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमकं केपाच्या जागी टेकेल, म्हणून या गोळ्यांचं नाक चपटं असतं. जन्मही दोघींचा कनेक्टिकटमधला, एक न्यू हेवनची, दुसरी शेजारच्या नॉर्थ हेवनची. म्हणजे भाऊबंदकी आलीच.

तुमचे जावई विंचेस्टरच्या बाजूने. अंडंसुद्धा गॅलरीत स्टोव्ह नेऊन उकडणाऱ्या घराण्यातला हा माणूस, पण यूट्यूबवर रात्री जागवून तज्ज्ञ झालेला. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी मालकालाच शिकवायला घेतलं: ही जॉन ब्राउनिंगने रचलेली, 1894 सालची जात, सत्तर लाखांच्या वर खपलेली, कंपनीने 1964 साली खर्च वाचवायला आतल्या घडणीत पत्र्याचे भाग घातले, आणि ही त्याच्या आधीची, 'प्री-64', म्हणून हिला मान. इथपर्यंत सगळं बरोबर. मग म्हणाले, पश्चिम जिंकली ती हिनेच. मालकाने गांडुळांचा डबा झाकत शांतपणे सांगितलं, ते 1873 च्या मॉडेलबद्दल म्हणतात. त्यानंतर हे बराच वेळ चीज बघत होते.

विंचेस्टर दिसायला देखणी, यात वाद नाही. हलकी, सडपातळ, रिसीव्हरच्या, म्हणजे लिव्हरच्या वरच्या लोखंडी पेटीच्या, मध्याला एका हातात धरली तर अशी तोलून राहते की खाली ठेववत नाही. चिठ्ठीवर साडेनऊशे डॉलर. पण तुम्ही म्हैस घेताना आधी दात बघता, तशी मी आधी नळी मागितली. टॉर्च मारला. तोंडाशी आतले आटे झिजून राखाडी झालेले. कारण सोपं आहे: या जातीचा मागचा खटका सहज निघत नाही, म्हणून साफ करायचा गज जो तो तोंडाकडूनच घालतो. तुमच्या ठासणीच्या बंदुकीला ते चालतं. हिच्यात गोळी बाहेर पडता पडता शेवटचं वळण तोंडाशीच घेते, आणि पन्नास-साठ वर्षं गज तिथेच घासला गेला. शिवाय रिसीव्हरच्या डाव्या अंगाला कुणीतरी हौशीने ड्रिलने दोन भोकं पाडून पुन्हा स्क्रूने बुजवलेली, तीही वाकडी. प्री-64 चा मान त्या दोन भोकांतून केव्हाच निघून गेला होता, फक्त चिठ्ठीला कुणी कळवलं नव्हतं.

मार्लिन सव्वासहाशेची. जराशी जड, कमरेत भरलेली. मालकाने लिव्हरचा एकच स्क्रू काढला, लिव्हर बाजूला, खटका बाहेर, आणि मागून बघितलं तर नळी आरपार लख्ख, बारा उथळ आटे मोजता येतील असे. ज्याची होती त्याने ती मागूनच साफ केली होती. स्क्रूच्या खाचाही धड होत्या. खाचा कुरतडलेल्या दिसल्या की समजावं, घरात हौशी माणूस होता. दस्त्यावर उजवा गाल टेकतो तिथलं पॉलिश उडालेलं, बाकी लाकडाला चीर नाही. दस्त्याच्या खालच्या अंगाला लाकडात एक काळा ठिपका आणि त्याभोवती पांढरं कडं बसवलेलं दिसलं. ह्यांना वाटलं कीड लागून बुजवलंय. ती मार्लिनची जुनी खूण, कारखान्यातूनच येते. मला विचाराल तर दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट.

नंबर बघितला तर तो 24 ने सुरू होणारा. त्या काळच्या मार्लिनचा पहिला दोन आकडी भाग शंभरातून वजा केला की जन्मसाल मिळतं. शंभरातून चोवीस गेले, शहात्तर. माझ्याच वयाची! नळीवर रिसीव्हरजवळ लंबगोलात 'जेएम' अशी बारीक अक्षरंही होती. 2007 साली रेमिंग्टनने कंपनी घेतली, त्यानंतरच्या काही वर्षांच्या मालाला लोक नाक मुरडतात. 2020 मध्ये रेमिंग्टन बुडाली आणि मार्लिन रुगरकडे गेली. 'जेएम' ही कनेक्टिकटच्या कारखान्याची खूण, आणि माझी तर त्या सगळ्याच्या आधीची.

तरी हे हटेनात. तेव्हा मालकाने दोन्ही बंदुका रिकाम्या असल्याची खात्री करून माझ्या हातात दिल्या आणि दूरच्या भिंतीवरच्या भुसा भरलेल्या माशाचा डोळा दाखवला. याच्यावर नेम धर. आणि आप्पा, सगळा निकाल तिथे लागला. उघड्या नेमाला मागची खाच, पुढचा मणी आणि लांबचा मासा अशा तीन वस्तू एकाच वेळी दिसायला लागतात. माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा एका वेळी एकच दाखवतो. मणी स्वच्छ दिसला की मासा धुक्यात. मासा दिसावा म्हणून मान खाली घातली की खाच गायब. हनुवटी वर केली तर छतावरचा पंखा. दुर्बीण लावली की सगळं एकाच जागी स्पष्ट येतं. पण विंचेस्टर रिकामं काडतूस वरच्या बाजूने फेकते, नेमकी जिथे दुर्बीण बसवायची तिथून. बाजूला सरकवून बसवतात काही जण, मग मानही बाजूला सरकवावी लागते. मार्लिनचं डोकं वरून बंद आहे, काडतूस उजवीकडे उडतं, दुर्बीण मधोमध बसते. तिच्यावर मालकाने त्याचीच एक जुनी दुर्बीण टेकवून धरली आणि माशाच्या डोळ्याच्या कडेचा खवला दिसला.

"इतिहास गेला," हे म्हणाले. मी म्हटलं, इतिहास वाचायलाही मला चष्माच लागतो.

मग 4473 नंबरचा फॉर्म. त्यात एक प्रश्न असतो की ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना? हे माझ्या खांद्यावरून वाकून मोठ्याने "हो हो, लिही" म्हणाले आणि खिशातून कार्ड काढलं. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक उचलणं इकडे मोठा गुन्हा आहे, त्यामुळे मालकाच्या भुवया टोपीत गेल्या. त्याने ह्यांना परत चीजपाशी उभं केलं आणि मला एकटीला विचारलं. मी सांगितलं, माझीच. हा माणूस फक्त पैसे देतो. ते त्याला लगेच समजलं, त्याचंही लग्न झालेलं असणार. आम्ही व्हिसावर होतो तेव्हा कायद्याने बंदुकीला मुळात बंदी होती, आणि जे थोडे अपवाद होते त्यात एक शिकारीचा परवाना. आता नागरिक आहोत म्हणून सरळ चौकशी एफबीआयकडे. कॉफी निवायच्या आत होकार. तुमच्या परवान्याच्या नूतनीकरणाला लागणाऱ्या फेऱ्या आठवून मला जरा लाजल्यासारखं झालं.

दसऱ्याला तिची पूजा केली. झेंडू आमच्याच कुंड्यांतला, थंडीने करपायच्या आत वाचलेला. कुंकू लोखंडावर लावू दिलं नाही. ओलं कुंकू आणि बोटांचा घाम, दोन्हींनी निळ्या पॉलिशवर गंज धरतो. लाकडावर एक बोट लावलं. आता लोखंडी कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे. नारिंगी जाकीट आणून ठेवलंय, कारण कमरेच्या वरचे निदान निम्मे कपडे भडक नारिंगी पाहिजेत असा कायदा आहे. भडक गुलाबीही चालतो, पण आजोबा म्हणाले की माझ्या रानात नाही.

हरीण मिळालं तर मांसाचा नमुना आधी तपासायला देणार. इकडे हरणांत मेंदूचा एक रोग 2002 सालापासून आहे, म्हणून. मग खिमा. आईला म्हणावं, मालवणी मसाल्यात डुकराला घालते तेवढीच बडीशेप घालू की कमी, ते पुढच्या फोनला सांग. आणि फोन ठेवू नकोस.

तुमची,
बेबी

ता. क. ती. आप्पांस, शि. सा. न. खाली जागा उरली म्हणून लिहितो. हिने माझी बाजू नीट मांडलेली नाही. चीज मी विकत घ्यायलाच बघत होतो. विंचेस्टर अजून दुकानात आहे. मालकांनी चिठ्ठीवरचे साडेनऊशे खोडून आठशे केले आणि ख्रिसमसपर्यंत बाजूला ठेवायचं कबूल केलं आहे. दिवाणखान्यात भिंतीवर टांगायची झाल्यास तोंडाशी आटे झिजलेले चालतात, असं माझं मत. आपण वडीलधारे या नात्याने फोनवर सहज विषय काढावा, माझं नाव न घेता. पत्र पोस्टात हीच टाकणार आहे, म्हणून पाकीट मी चिकटवतो आहे.