आधी खापर, मग पिरॅमिड

धारवाडचं सप्तापूर म्हणजे शिकवण्यांचं माहेरघर. इथे स्पर्धा परीक्षेला बसलेला पदवीधर आणि आठवीतली मुलगी एकच काम करतात : घोकतात. कर्नाटकच्या आठवीच्या समाजविज्ञानात सिंधू, इजिप्त, मेसोपोटेमिया, चीन, पुढे ग्रीस, रोम आणि थेट अमेरिकेतल्या संस्कृती. एवढ्या भ्रमंतीतून मुलीच्या हाती उरतं काय? नाईल म्हणजे पिरॅमिड, हम्मुराबी म्हणजे कायदा. गाळलेल्या जागा भरल्या, संस्कृती संपली.

अभ्यासक्रम मोठा आहे, ही माझी तक्रार नाही. हे सगळं कळलं कशावरून, हा प्रश्नच वर्गात शिरत नाही, ही आहे.

तो प्रश्न विचारायला धारवाडसारखी सोयीची गावं थोडी. कन्नड संशोधन संस्था 1939 ची. तिचं संग्रहालय कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात, सप्तापूरहून जवळच. शेजारच्या हावेरी जिल्ह्यात तुंगभद्रेकाठी हल्लूर आहे. 1965 मध्ये एम. एस. नागराज राव यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा नवाश्मयुगाच्या थरांवर लोहयुगाचे थर लागले. हाडं तपासली के. आर. आलूर यांनी, त्यांना त्यांत घोडा दिसला आणि इतक्या आधी इथे घोडा होता का, असा वाद पेटला. घोडाच कशावरून? कोणत्या थरातला? मुलांना हे झेपणार नाही म्हणता? पायचीत होता की नव्हता, यावर हीच पोरं तासभर पुरावे देत भांडतात!

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उत्खनन घ्या. घराच्या जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरलेली बालकं. मोठ्या माणसांची पावलं तोडून केलेली दफनं. का तोडली असतील? हा प्रश्न टाका आणि वर्ग बघा.

आपल्या गावात अशा शोधाची परंपराही आहे. शं. बा. जोशी धारवाडच्याच शाळेत मास्तर होते. शाळा सांभाळून त्यांनी संस्कृतीचा शोध घेतला आणि त्याविषयी कन्नडबरोबर मराठीतही लिहिलं.

तेव्हा शाळांनी एवढं करावं. इजिप्तच्या धड्याआधी एक तास संग्रहालयात काढावा. आणि चाचणीत ‘पाच वैशिष्ट्ये लिहा’ काढून टाकून खापराचं एक चित्र छापावं. खाली प्रश्न : यावरून काय सांगता येईल, आणि काय सांगता येणार नाही? गुण पाच.