बांधणी कागदांची, कामाची नव्हे

सोनपेठात एखाद्या कचेरीला बाइंडिंग मशीन घ्यायचं झालं, तर आधी त्याची फाइल तयार होते. ती अर्थातच दाभणाने टोचून, नाड्याने बांधलेली.

मग निवडीचा घोळ. कोम्ब मशीन ए-फोर कागदाला २१ चौकोनी भोकं पाडतं. प्लास्टिकची कंगवी उघडून पान घालता येतं, हळूच काढताही येतं. म्हणून ते साहेबांना आवडतं. स्पायरलचं वेटोळं सोडवल्याशिवाय पान निघत नाही. ही अडचण समजून ते नामंजूर. थर्मलमध्ये गरम डिंक पानं चिकटवतो, पण त्याला वीज लागते. उन्हाळ्यात वीज गेली की उकाडा भरपूर, पण डिंक मात्र थंडच. दिवसाला दहा अहवाल की शंभर, हा खरा प्रश्न कोणी विचारतच नाही.

मुळात प्रश्न बांधणीआधी कागद आवरण्याचा आहे. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी दप्तराला शिस्त लावली. पुढे कागद सहा गठ्ठ्यांत विभागण्याची पद्धत रुळली. त्यातला एक गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. त्यासाठी मशीन लागलं नाही, कागद वाचावे लागले.

तेव्हा खरेदीआधी एवढंच करा: टेबलावरचा ढीग निवडा, नको ते कागद नियमाने निकाली काढा, उरलेल्यांना पृष्ठक्रमांक घाला. मग जे उरेल ते बांधायला बहुधा दाभण आणि नाडाच पुरेल. आणि त्याला वार्षिक देखभालीचा करारही लागत नाही.