नाना प्लॉट बघतात

नाना जमीन घेत नाहीत, बघतात. हा फरक ज्यांना वेळेवर कळला नाही असे दलाल पालघरपासून वापीपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना विखुरलेले आहेत, आणि त्यांतले बहुतेक आता नानांचा फोन उचलत नाहीत. नरोलीचा भाई मात्र उचलतो.

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत नानांची ओळख 'सेकंड होम घेणारे' अशी आहे. बँकेतून निवृत्त झाले, फंड हातात आला, त्यातून गाडी घेतली आणि गाडीला काहीतरी काम हवं म्हणून जमीन शोधायला लागले. नुसतं फिरायला जाणं नानांच्या स्वभावात नाही. पेट्रोल जाळून डोंगर बघणं म्हणजे चंगळ. तोच डोंगर 'साइट व्हिजिट' म्हणून बघितला की ती गुंतवणूक. मला सोबत नेतात ते कागदावरची बारीक अक्षरं वाचायला. नानी येतात त्या पोळी-भाजीचा डबा आणि एक अट घेऊन: जमीन बघा नाहीतर पाताळ बघा, परतायच्या आधी दुधनीला धरणाच्या पाण्यात शिकाऱ्यातून एक फेरी झाली पाहिजे.

गाडी पहाटे निघते. मनोर गेलं की नाना मोकळे होतात, चारोटीला महालक्ष्मीच्या डोंगराला स्टिअरिंगवरचा एकच हात उचलून नमस्कार करतात, तलासरीत चहा घेतात आणि अच्छाड ओलांडताना दरवेळी सांगतात, "महाराष्ट्र संपला." मग भिलाडला हायवे सोडायचा. थोडं पुढे गुजरातही संपतो आणि नरोली येते. तासाभरात तीन सरकारांच्या हद्दीतून गेल्याचं समाधान नानांच्या चेहऱ्यावर असतं.

नरोलीच का, याची नानांकडे कारणं आहेत. केंद्रशासित प्रदेश म्हणजे थेट दिल्ली, मध्ये कुणी नाही. शिवाय भांडण झालंच तर दादरा नगर हवेलीचे खटले चालतात मुंबईच्या उच्च न्यायालयात, आणि बिल्डरविरुद्ध तक्रार जाते ती महारेराकडे, कारण महारेराचं कार्यक्षेत्र इथपर्यंत आहे. अजून जमीन नाही, बिल्डर नाही, भांडण नाही; पण चर्चगेट लोकलने तारखेला जाता येईल ही सोय नानांनी आधीच हेरून ठेवली आहे.

भाईचं वय नानांच्या मुलाएवढं. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल, आणि मराठीला गुजरातीची फोडणी. पहिल्याच भेटीत त्याने भाव सांगितला तेव्हा नाना म्हणाले, "सिल्वासापेक्षा नरोली महाग कशी? मध्ये नदी आहे."

"नाना, तुमी हिस्टरी जुवो ने," भाई म्हणाला. "54 मधी सिल्वासा फ्री झालं 2 ऑगस्टला. आपली नरोली 28 जुलैला. पाच दिवस आधी! प्राइम लोकेशन हाय म्हणूनच ने?"

यावर नानांकडे उत्तर नव्हतं, कारण तारखा खऱ्या होत्या. उलट पोर्तुगीजांच्या ताब्यातलं नरोलीचं पोलीस ठाणं आझाद गोमंतक दलाने घेतलं, या लढ्यात बाबूजी म्हणजे सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, पैसे उभे करायला लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला, हे सगळं नानांनीच भाईला ऐकवलं. भाईने ते मन लावून ऐकलं. पुढच्या मराठी गिऱ्हाइकाला त्याने तो प्लॉट 'बाबूजींच्या लढ्याचा एरिया' म्हणून दाखवल्याचं नंतर कळलं.

जमिनीपुढे उभं राहिल्यावर नानांचा पहिला प्रश्न ठरलेला: "रस्ता आहे का?" म्हणजे नकाशावरचा, सातबाऱ्यावर नोंदवलेला, शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर नसलेला रस्ता. दुसरा कुठला दलाल असता तर त्याने समोरच्या पायवाटेकडे बोट केलं असतं. भाईने हेग काढलं.

"रस्त्याचं काय विचारता नाना! ह्या रस्त्यासाठी तर पोर्तुगाल हेगला गेला होता. इंटरनॅशनल कोर्ट!"

हेही खरंच. दमणहून दादरा-नगर हवेलीला जायचं तर मध्ये भारताची जमीन, आणि भारताने वाट अडवली म्हणून पोर्तुगालने 1955 साली खटला गुदरला. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांना नव्हता. आणि भारताने वाट अडवून कुठलं कर्तव्य मोडलं असंही न्यायालयाला दिसलं नाही. नानांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं.

"म्हणजे आपल्याला जाता येईल," नानी म्हणाल्या. "आपल्याकडे सैन्य नाही. डबा आहे."

पण नाना मागे हटणाऱ्यांतले नव्हेत. पुढच्या खेपेला त्यांनी अख्ख्या प्रदेशाचाच सर्च रिपोर्ट काढून आणला. मराठ्यांनी पोर्तुगीजांचं सांताना नावाचं जहाज खराब केलं, त्याच्या भरपाईत बारा हजार रुपये वसुलाची गावं देण्याचा तह झाला, त्यातून 1783 ला नगर हवेली गेली आणि दोन वर्षांनी दादरा. "आता बघ," नाना भाईला म्हणाले, "हेगच्या न्यायाधीशांनी ती कागदपत्रं तपासली. पेशव्यांनी दिला होता तो फक्त वसूल. सरंजाम! मालकी दिलीच नव्हती. म्हणजे इथलं टायटल मुळातच क्लिअर नाही."

भाईने टोपी नसताना टोपी काढल्यासारखं केलं. "नाना, बारा हजारच्या वसुलावर दलाली किती बसली असेल?"

माझं मत विचाराल तर या दोघांना एकमेकांची गरज होती. भाईचं बाकीचं गिऱ्हाईक म्हणजे धाग्याच्या कारखान्याला शेड शोधणारे शेठ. ते गाडीची काच खाली करतात, भाव विचारतात, काच वर करतात. अलवारा म्हणजे काय, पोर्तुगीजांनी कसण्याच्या अटीवर दिलेल्या जमिनींचं पुढे काय झालं, ही जमीन 1971 च्या जमीन सुधारणेत कुणा कुळाच्या नावावर लागलेली आहे का, आणि असेल तर कलेक्टरची परवानगी कुठे आहे, असं त्याला कोण विचारणार? नानांनी विचारलं की तो दोन दिवस तलाठ्याकडे खेटे घालायचा आणि उत्तर घेऊन यायचा. धंदा शून्य, पण तयारी पक्की होत होती.

नानांची आणखी एक पद्धत म्हणजे मातीचा नमुना. प्रत्येक प्लॉटवरची मूठभर माती घ्यायची, सर्व्हे नंबर लिहायचा, घरी नेऊन पाण्यात घोळवून बघायची. पिशव्या फाटतात म्हणून त्यांनी बाटल्या घ्यायला सुरुवात केली, आणि बाटल्या विकत कशाला घ्यायच्या? नरोलीच्या मोकळ्या प्लॉटवर त्या पडलेल्याच असतात. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही, त्यामुळे हद्दीलगतच्या जमिनीत जे पीक वर्षभर दिसतं ते काचेचं असतं. नानांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, म्हणून त्यांच्या लक्षात ते आलंच नाही.

परतताना गुजरात हद्दीवर गाडी थांबवली. शिपायाने डिकी उघडायला लावली. आत ओळीने क्वार्टरच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा.

"आ शुं छे?"

"माती," नाना म्हणाले.

शिपायाने एक बाटली उचलली, उन्हात धरली, बूच काढून वास घेतला. मग दुसरी. तिसरीत गांडूळ निघालं. त्याने साहेबांना हाक मारली. साहेबांनी नानांचं आधार कार्ड, पेन्शनचं कार्ड आणि वही तपासली. वहीत 'खरडपाडा: काळी, चिकट, पाणी धरते' असं वाचून ते बराच वेळ गप्प राहिले. आणि मग, खरंच सांगतो, त्यांनी हळूच विचारलं की वापीच्या बाजूला त्यांचे स्वतःचे दहा गुंठे आहेत, त्याची माती कधी बघाल का? नानांनी तिथेच बॉनेटवर वही ठेवून विचारलं, "रस्ता आहे का?"

असं छान चाललं असताना भाईने घात केला. एका रविवारी त्याने नरोलीपासून जवळच एका लेआउटमधला प्लॉट दाखवला. एन.ए. झालेला. फेरफार लागलेला. डांबरी रस्ता दोन बाजूंनी. पाणी, वीज, कोपऱ्यात आंब्याचं झाड. भाव नानांच्या वहीतल्या आकड्याच्याही खाली. मी कागद दोनदा वाचले. नानींनी सावलीत डबा उघडला आणि म्हणाल्या, "घ्या की."

नाना प्लॉटभोवती फिरले. हद्दीचे दगड मोजले. सातबारा उलटा धरून बघितला. चेहरा उतरत चालला होता. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळंच बरोबर आहे. नक्की काहीतरी लपवतायत."

भाई काही बोलला नाही. त्याने वसईहून आलेलं एक तरुण जोडपं त्याच दुपारी बोलावून ठेवलं होतं. तो नानांना म्हणाला, "तुमी जरा समजवा यांना. मला कागदाचं एवढं येत नाय." आणि नानांनी समजावलं. रस्ता, टायटल, माती, पाऊस, एन.ए.ची अट, हेग. ज्याने दीड तास फक्त दोष शोधले आणि ज्याला एकही सापडला नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही असं गिऱ्हाईक कुठलं? जोडप्याने संध्याकाळी टोकन दिलं.

भाईने दलालीतला अर्धा वाटा पुढे केला तेव्हा नाना चिडले. नोंदणी नसताना लेआउटमधल्या प्लॉटची दलाली घेणं बेकायदा आहे, आणि 2023 पासून नोंदणीला परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं. झालं! नानांनी महारेराच्या एजंटांसाठीच्या परीक्षेला बसायचं ठरवलं. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षांनंतर प्रथमच त्यांनी पहाटे उठून अभ्यास केला, नानींकडून प्रश्न विचारून घेतले आणि पास झाले. प्रमाणपत्र आता हॉलमध्ये आहे, लग्नाच्या फोटोच्या जरा वर.

"आता तरी एक प्लॉट सोताला घ्या नाना," भाई म्हणाला.

"आता तर मुळीच नाही. एजंटानेच गिऱ्हाईक व्हायचं? हितसंबंधांचा प्रश्न येतो."

नानी डबा धूत होत्या. त्यांनी भाईला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं की बोरिवलीचा टू बीएचके विकायला काढला, नवऱ्याला न दाखवता, तर किती येतील.