फुकट शाळेची घरपट्टी

एडिसन, न्यू जर्सी

ती. आबा आणि ती. माय यांना शि. सा. नमस्कार.

मागच्या पत्रातल्या प्रत्येक 'मी'भोवती आबांनी लाल गोल काढून त्याचा फोटो पाठवला. मास्तरकी सुटली, पण लाल पेन सुटलं नाही. म्हणून या पत्रात 'मी' नाही. जे आहे ते धाकट्याचं, त्याच्या घरचीचं आणि तुमच्या नातीचं.

आपल्या फैजपुरात म्हणे बोभाटा झालाय, की धाकट्यानं अमेरिकेत जाऊन पोरीला सरकारी शाळेत घातली. खरं आहे. आपल्याकडे चार पैसे आले की पोराला सरकारी शाळेतून काढतात. इथं चार पैसे आले की सरकारी शाळेच्या हद्दीत घर शोधतात. घर ज्या हद्दीत, शाळा त्या हद्दीची. फी एक छदामही नाही. मग येते घरपट्टी. न्यू जर्सीएवढी जड घरपट्टी अमेरिकेत दुसरीकडे नाही. 2024 साली सरासरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना जातो. फुकट शिक्षणाची ही पावती धाकट्यानं फ्रिजवर चिकटवली आहे. पाणी प्यायला गेला की वाचतो आणि पाणी न पिताच परत येतो.

शाळेचं नाव जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल. 1964 सालची, नववी ते बारावी, दोन हजारांवर मुलं. हे स्टीव्हन्स कापड गिरण्यांचे मालक. आबांनी भुवया उंचावू नयेत. 1924 ते 1930 साने गुरुजी अमळनेरच्या ज्या शाळेत शिकवत होते, तिलाही गिरणीवाल्या प्रतापशेठांचंच नाव आहे. गावाला मात्र शास्त्रज्ञाचं नाव मिळालं. 1954 पर्यंत हे रॅरिटन टाउनशिप होतं. एडिसनची प्रयोगशाळा इथल्याच मेन्लो पार्कात होती, म्हणून मग एडिसन. लोडशेडिंगमध्ये कंदिलाखाली दहावी केलेल्या माणसानं विजेच्या दिव्याच्या गावात हप्ते फेडावेत, हा योग पत्रिकेत कुणाला दिसला नव्हता.

गणवेश नाही. उलट एक दिवस पायजमा घालून यायचा. व्हिडिओ कॉलवर माय म्हणालीच, "व माय, निजून उठली तशी शाळेत चालली का?"

पिवळी बस थांबली आणि तिच्या कुशीतून लाल पाटी बाहेर आली, की मागच्यापुढच्या गाड्यांनी 25 फुटांवर थांबायचं, असा कायदा आहे. सावद्याच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकवाल्याला हे कुणीतरी सांगून पाहावं.

कायद्यानं दर महिन्याला दोन कवायतीही होतात. एक आगीची. दुसरी सुरक्षेची. तीत कधी कधी दार लावून, दिवे मालवून सगळा वर्ग कोपऱ्यात गप्प बसतो, कुणी बंदूक घेऊन आलं तर म्हणून. मायला हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. नातीनंच सांगून टाकलं. माय तेव्हा काही बोलली नाही. तासाभरानं पुन्हा फोन करून विचारलं, "तिच्या वर्गाची खिडकी रस्त्याकडं आहे का?"

आता कामाचं. नातीनं वर्गात सांगून टाकलंय, की 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आमच्या गावात भरलं, नेहरू अध्यक्ष होते, आणि झेंडा वर अडकला तेव्हा शिरपूरचा किसनसिंग राजपूत सरसर खांबावर चढला. बाईंनी पुरावा मागितलाय. आबांनी अधिवेशनाच्या जागेचा फोटो पाठवावा. त्यात स्वतः उभे राहिले तरी चालेल, पण बोट आडवं येऊ देऊ नये.

आपला,
धाकटा

ता. क. : शाळेच्या लॉकरमधून दोन आठवडे वास येत होता. काल उलगडा झाला. तुमच्या नातीनं डब्यातलं केळं आत ठेवून त्यावर भूमितीचं पुस्तक ठेवलं होतं. यावल तालुक्याच्या पोरीनं केळ्याची ही गत करावी! आबांनी रागवावं, पण केळं ग्वाटेमालाचं होतं हे ध्यानात घेऊन.