साडेतीन तारे

मराठी माणसाला एखादी गोष्ट मनापासून आवडली की तो म्हणतो, "वाईट नाही." यापुढे त्याची जीभ सहसा जात नाही. नवी सून पुरणपोळी करते, ताटाजवळ उभी राहते, आणि सासरे पहिला घास सावकाश संपवून निकाल देतात, "पुरण जरा सैल झालंय. पण बरी झालीये." एवढं बोलून ते तिसरी पोळी वाढून घेतात आणि तुपाची वाटी जवळ ओढतात. नाटक तुफान रंगलं तर ते "बघण्यासारखं आहे". शेजाऱ्यांचा मुलगा कलेक्टर झाला तर "हुशार होताच तो, पण नशीबही लागतं". आपली मोजपट्टी शंभरापर्यंत जातच नाही. ती पासष्टला संपते, आणि तिथेच पेढे वाटले जातात.

अशा माणसाच्या हातात गेल्या काही वर्षांत कुणीतरी पाच तारे देऊन ठेवले आहेत.

हल्ली काहीही करा, मागोमाग तारे येतात. रिक्षातून उतरलात, तारे द्या. बँकेत केवायसीचा कागद देऊन आलात, घरी पोचायच्या आत मेसेज, आमची सेवा कशी वाटली? गॅसचा सिलिंडर आला, दाताची कवळी बसवली, दोन किलो कांदे मागवले, की लगेच विचारणा, तुमचा अनुभव कसा होता? कांद्यांचा अनुभव! कांदा चिरल्याशिवाय कसा सांगणार, आणि चिरल्यावर डोळे पुसत कोण सांगणार?

आमचे आबा निवृत्त शिक्षक. दहावीचे पेपर तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. उत्तर बरोबर असलं तरी शुद्धलेखनाचा अर्धा मार्क कापल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. त्यांच्यासमोर एकदा पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करायला आलेला मुलगा उभा होता. काम चोख झालं होतं. मेम्ब्रेन बदलली, टाकी धुतली, पाणी ग्लासात धरून उजेडात दाखवलं. मग त्याने स्वतःचा मोबाइल अदबीने आबांपुढे धरला आणि म्हणाला, "काका, तेवढं रेटिंग."

आबांनी चष्मा वर केला. विचार केला. "काम चांगलं केलंस हो. साडेतीन देतो."

"साडेतीन नसतं काका त्यात."

"मग चार दे. तुझ्या चेहऱ्याकडे बघून अर्धा वाढवला."

मुलाचा चेहरा पडला. "काका, चार नको. चारचं वर विचारतात. सरासरी खाली गेली की कॉल कमी येतात. पाचच द्या ना."

"म्हणजे चार म्हणजे नापास?"

"तसंच समजा."

"मग बाकीचे चार ठेवलेत कशाला?"

याचं उत्तर मुलाकडे नव्हतं. त्याच्या कंपनीकडेही नसावं. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पैकीच्या पैकी दिले, आणि लगेच बोटाने दाखवलं, "ओट्याखाली पाणी सांडलंय, तेवढं पूस." मुलाने फडकं मागितलं आणि पुसलं. खरी परीक्षा ती होती, खरा शेरा तो होता, आणि तो नोंदला कुठेच गेला नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरला एवढंच कळलं की अमुक पत्त्यावरचा ग्राहक अत्यानंदात आहे.

असे अत्यानंदातले ग्राहक गावोगाव पसरले आहेत. कारण समोर उभ्या असलेल्या पोराच्या पोटावर पाय देण्याएवढे आपण निर्दय नाही. नीती आयोगाने 2022 च्या अहवालात अंदाज केला होता की 2020-21 मध्येच अशी अ‍ॅपवरची, फेरीफेरीची कामं करणारी माणसं देशात 77 लाख होती, आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाख होतील. एवढी माणसं रोज दारात उभी राहून पाच तारे मागणार असतील, तर मराठी माणसाची काटकसर किती टिकणार? देतो आपण. दया म्हणून देतो, सुटका म्हणून देतो, जेवायला बसायचंय म्हणून देतो. जो तारा सगळ्यांनाच मिळतो त्याच्या उजेडात काही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

परिणाम असा झाला आहे की 4.2 तारे असलेल्या हॉटेलात जायला आता लोक कचरतात. आबांच्या हिशेबाने ते 84 टक्के! त्यांच्या काळात साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास होता आणि त्या जोरावर मुलगा बँकेत चिकटत असे. पण मार्कांचंही तेच झालंय म्हणा. 2010 पासून आपल्या दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, त्यात खेळाचे आणि कलेचे वाढीव गुण मिळत गेले, आणि 2025 च्या निकालात राज्यात 211 मुलांना शंभर टक्के पडले. मुलं हुशार आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण शंभराच्या वर काही शिल्लकच नसल्यामुळे आता आईबापांना आणखी खूश कसं व्हायचं ते कळत नाही. या 211 पैकी निम्म्याहून जास्त मुलं एकट्या लातूर विभागातली होती.

लातूरचं मला खरोखर कौतुक वाटतं. मोजपट्टीची दोन्ही टोकं त्यांनी मनापासून वापरली आहेत. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं? 'नोटा'. 27 हजारांहून जास्त मतदारांनी रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून घेऊन सांगितलं की यातलं कुणीच नको. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली हे बटण आपल्याला मिळवून दिलं, पण विधानसभा-लोकसभेला त्याचा उपयोग नाक मुरडण्यापुरताच. नोटाला कितीही मतं पडली तरी उरलेल्यांत जो पुढे तो निवडून येतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र 2018 साली आदेश काढला की महापालिका, नगरपालिकांच्या निवडणुकीत नोटाच पहिला आला तर तिथे पुन्हा निवडणूक घ्यायची. म्हणजे नगरसेवकाला एक तारा पडला तर पेपर पुन्हा द्यावा लागेल. आमदाराला तशी भीती नाही.

राजकारणात खरी अडचण मधल्या ताऱ्यांची आहे. चहाच्या टपरीवर उभं राहून ऐका. "रस्ता बरा केलाय, पाण्याचं काही खरं नाही, शाळेकडे लक्ष नाही, पण माणूस फोन उचलतो." हा किती नेमका अभिप्राय आहे! चार खात्यांचे चार वेगळे मार्क, खाली वर्तणुकीचा शेरा. हाच माणूस मोबाइलवर लिहायला बसला की एक तर त्या नेत्याला देव करतो नाही तर चोर. साडेतीन तिथेही नसतं.

गंमत म्हणजे यंत्रांच्या बाबतीत हा शहाणपणा सरकारला जमला आहे. फ्रिज-एसीवर जे तारे चिकटवलेले असतात ते ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, 2006 पासूनचे. सगळेच कारखानदार पाचाला पोचू लागले की ब्युरो पट्टी कडक करतो. जुलै 2022 मध्ये तशी ती केली, आणि आदल्या दिवशीपर्यंत पाच तारे मिरवणारे एसी रातोरात चारावर आले. कुणी रडलं नाही, कुणाचे कॉल कमी झाले नाहीत. यंत्रांचे तारे उतरतात आणि माणसांचे चढत राहतात.

ज्या फ्रेंच टायर कंपनीने हॉटेलांना तारे देण्याची प्रथा जगभर गाजवली त्या मिशलॅनकडे बघा. 1900 साली त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. हेतू सरळ, लोकांनी गाड्या काढाव्यात, लांब लांब जेवायला जावं, टायर झिजवावेत. 1926 पासून त्यात तारे आले, आणि पुढे कमाल ठरली तीन तारे. तिथे एक तारा मिळाला तर आचारी आनंदाने रडतो. आपल्याकडे एक तारा मिळालेला डिलिव्हरीवाला रडत असेल तर त्याचं कारण अगदी उलटं असतं.

एकदा सवय लागली की हात थांबत नाही. नकाशा उघडून पाहा, आपण कशाकशाला तारे देऊन बसलो आहोत. नदीला दिलेत, घाटाला दिलेत, पोलीस ठाण्याला दिलेत. एका गडाचा एक तारा चढ फार आहे म्हणून कापलेला मी पाहिला आहे. ज्यांनी तो गड बांधला त्यांचा उद्देशच तो होता, पण ग्राहकाचं समाधान त्यांनी विचारात घेतलं नव्हतं हे खरं. देवस्थानांना तर पार्किंगवरून जोखतात. स्मशानभूमीलाही पाच तारे आहेत, आणि देणारे सगळे अर्थातच परत आलेले लोक आहेत.

पूर्वी तक्रारीला तोंड होतं आणि पत्ता होता. हॉटेलचा मालक गल्ल्यावर बसलेला असे. जाता जाता म्हणायचं, "आज चहा पाणचट होता हो." तो आतल्या दिशेने एक हाक मारी आणि उद्याचा चहा सुधारे, निदान परवाचा तरी. एसटी स्थानकावर तक्रार पुस्तक मागितलं की साहेब खुर्चीवरून अर्धे उठत. बहुतेक वेळा पुस्तक मिळेपर्यंत काम होऊन जाई, पुस्तक कोरं राही. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबलेली, रेशनच्या दुकानात वाटेल ते ऐकून घेतलेली माणसं आपल्याच घरात आहेत, त्यांना विचारा. उद्धटपणा भरपूर होता. पण त्या उद्धट माणसाला नाव होतं, आणि त्याला उलटून बोलता येत होतं.

आता बोलायला समोर येतो तो तो फिल्टरवाला मुलगा, ज्याच्या हातात काहीच नाही. सुटा भाग महाग का, एका वर्षाचं कंत्राट संपायच्या आधीच दुसऱ्यासाठी फोन का, कस्टमर केअरला माणूस लागेपर्यंत सनई का ऐकायची, यातलं एकही त्याने ठरवलेलं नाही. आणि ज्यांनी ठरवलं त्यांच्या नावापुढे तारे मागणारा मेसेज आजवर मला आलेला नाही. मॅनेजरला किती तारे? 'सेवा शुल्क' अशी ओळ बिलात घुसवणाऱ्याला किती? कंपनीच्या चुकीचे मार्क आपण मुकाट्याने पोराच्या खात्यातून कापतो, किंवा त्याची दया येऊन कंपनीलाच पास करून टाकतो. कंपनीचं दोन्हीकडून बरं चाललं आहे.

त्यात विकतचे तारेही आहेत. खोट्या परीक्षणांचा एवढा सुळसुळाट झाला की ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे छापावेत याचं प्रमाणक भारतीय मानक ब्युरोला 2022 साली काढावं लागलं. आयएस 19000. हेल्मेटला आणि प्रेशर कुकरला जसा मानक क्रमांक असतो तसा आता मतालाही आहे. पण तो पाळणं ऐच्छिक आहे. हेल्मेटबद्दल आपल्याकडे बहुतेकांचं जे मत आहे, तेच या बाबतीत कंपन्यांचं असावं.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. दारात उभ्या असलेल्या पोराला पाच तारे देऊन टाका, त्यात आपल्या बापाचं काही जात नाही. काही चुकलं असेल तर ते त्याला तोंडी सांगा, तो पुसून देईल. आणि तक्रार कंपनीची असेल तर ती ताऱ्यांत मोजू नका. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि वकीलही लागत नाही.