थोडा कम कर दीजिए ना, मॅम!

जयपूरच्या बापू बाजारात मोजडीचा भाव निम्म्यापासून पाडायला सुरुवात करायची, हे मुलाच्या नोकरीपायी इथे आल्यावर मी लवकरच शिकले. पण तशीच घासाघीस माझ्या जेवणाच्या टेबलावर, तीही पी-मूल्यावरून होईल, असं वाटलं नव्हतं.

नागपूरला जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, ही बातमी आम्ही राहतो त्या बापूनगरात फुटली. युनिव्हर्सिटी शेजारीच. तेव्हापासून मानसशास्त्रात पीएचडी करणारी पोरं ‘रिझल्ट्स’चं प्रकरण घेऊन येतात. जोडीला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची नियमावली, म्हणजे एपीए. तिचं सोवळं आमच्या आजीच्या वरताण. पी म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता. तो कधी एकाच्या वर जात नाही, म्हणून त्याच्या दशांशचिन्हाआधी शून्य नको. सरासरी जाऊ शकते, म्हणून तिच्याआधी हवं. एका पठ्ठ्याने ‘फाइंड-रिप्लेस’ मारून दशांशचिन्हाआधीची झाडून सगळी शून्यं उडवली. चिंतेच्या गुणांची सरासरी १०.५ ची १.५ झाली. अख्ख्या गटाची चिंता एका क्लिकसरशी उतरली. इतकं गुणकारी समुपदेशन मी दुसरं पाहिलं नाही.

सॉफ्टवेअर कधी कधी पी .००० छापतं. पोरं ते भक्तिभावाने उतरवतात. अरे, शून्य कसं असेल? पुढे कुठेतरी आकडा आहे, यंत्राने तीनच घरं दाखवली. ‘.००१ पेक्षा कमी’ असं लिहायचं. शंभर टक्के खात्री द्यायला ज्योतिषी बसलेत की!

परवा एक मुलगी आली. विषय होस्टेलच्या मुलींची परीक्षेची चिंता. तक्त्यात टी(५७) = १.९७, पी = .०५४.

“मॅम, थोडा कम कर दीजिए ना. .०५ लिख दूँ?”

“नाही.”

“तो ‘सार्थकता के बहुत निकट’?”

तिला सांगितलं, ही .०५ ची वेस, जिच्या आत आलं की निकाल ‘सार्थक’, काही आभाळातून पडलेली नाही. रोनाल्ड फिशरने १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून आखली. आणि ही टी-चाचणी गिनेस बिअरच्या कारखान्यातल्या गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टूडंट’ या टोपणनावाने छापली. मुलगी जैन घरातली. तिने तक्ता जरा लांब सरकवला.

मग धाकही घातला. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१६ साली आठ मानसशास्त्रीय नियतकालिकांतली अडीच लाखांवर पी-मूल्यं संगणकाकडून पडताळली. निम्म्या लेखांत निदान एक तरी पी शेजारच्या टीशी आणि कंसातल्या आकड्याशी जुळेना. तेव्हा .०५४ ला .०५४ च लिही, शेजारी परिणामाचं आकारमान दे, आणि गप्प बस.

ती गप्प बसली. आता माझी नजर कंसावर गेली. दोन स्वतंत्र गट, म्हणजे कंसात एकूण मुलींतून दोन वजा. ५७ आहेत, तर मुली ५९. प्रबंधात मात्र पानोपानी ६०.

“एक कुठे गेली गं?”

“मॅम, उसकी शादी हो गई.”

“मग लिही तसं. गळती सांगावी लागते.”

दुसऱ्या दिवशी सुधारलेलं पान आलं. पी जसाच्या तसा. तळटीप मात्र नवी होती: ‘एक सहभागी विवाहामुळे अभ्यासातून बाहेर. अंतिम चिंता मोजता आली नाही.’