विरारमध्ये स्वतःची प्रत काढण्याची सोपी कृती

एकानं विरार फास्टला लटकायचं, दुसऱ्यानं बोळिंजच्या सोसायटीत टँकरची वाट बघायची. तुमची गरज रास्त आहे. लागा कामाला.

१. आधी कायदा शोधा. ब्रिटननं मानवी क्लोनिंगबंदीचा कायदा २००१मध्येच केला. आपल्याकडे खास कायदा नाही; आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं मनाई करतात. एवढ्यावर पेढे वाटू नका. खरे कायदे पुढच्या पायऱ्यांवर दबा धरून आहेत.

२. स्त्रीबीजं जमवा. डॉली मेंढीसाठी २७७ लागली, कोकरू एकच झालं. प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्यानुसार दात्री आयुष्यात एकदाच देऊ शकते, तीही फार तर सात. म्हणजे चाळीस जणी आल्या. भिशी मंडळात विचारा. वयाची अट २३ ते ३५. कोण बाद झालं हे तोंडावर सांगू नका.

३. आता गर्भाशय. डॉलीच्या वेळी २९ भ्रूण १३ मेंढ्यांत सोडले होते. तेव्हा १३ बायका शोधा: २५ ते ३५ वयाच्या, लग्न झालेल्या, स्वतःचं मूल असलेल्या, पूर्वी कधी सरोगसी न केलेल्या. अर्जात वैद्यकीय कारण विचारतात. तिथं ‘विरार फास्ट’ लिहू नका. डॉक्टरांना पटेल, वैद्यकीय मंडळाला पटणार नाही.

मोबदला मात्र देऊ नका. औषधपाणी आणि ३६ महिन्यांचा विमा, बस्स. पैसे दिलेत तर पहिल्या खेपेलाच पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. डॉक्टर, वकील, विमा कंपनी यांची बिलं खुशाल चुकती करा. त्यांच्याकडून परोपकाराची अपेक्षा नाही. मोबदल्याच्या पैशांतून नालासोपाऱ्याच्या खोलीचं डिपॉझिट भरू पाहणारी कुणी भेटली, तर तिला निःस्वार्थ सेवेचं महत्त्व समजावा. ती ऐकून घेईल. तिला दुसरं कामही शोधायचंच असतं.

४. धीर धरा. प्रत तान्हं बाळ म्हणून जन्मते. ती तुमचा पास वापरण्याजोगी होईतो तुम्ही निवृत्त. तोवर विरार गाडीत चढलेल्या बोरिवलीकराशी तुम्हीच भांडायचं.

५. कंटाळलात? मग कडक क्लोनिंगबंदी कायद्यासाठी मोर्चा काढा. सगळे पक्ष येतील. असल्या कायद्यात उद्या सकाळी कुणाची मिळकत बुडत नाही.